पुढचा मिलिसेकंद कोणाचा?

1976 साली न्यूयॉर्क शहरात मोटारीत बसवलेला टेलिफोन वापरणारे ग्राहक होते 543. शहराची वस्ती सत्तर लाखांच्या वर, पैसेवाल्यांची वाण नाही, आणि फोन मिळावा म्हणून नाव नोंदवून थांबलेल्यांची यादी हजारोंची. तरीही बेल कंपनीला नवे ग्राहक घेता येत नव्हते, कारण सबंध शहरासाठी तिच्याकडे वाहिन्या होत्या बारा. एका वेळी बारा संभाषणं चालू शकत. तेराव्याने फोन उचलला, तर कोणीतरी बोलणं थांबवेपर्यंत ताटकळण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

आज त्याच शहरात लाखो माणसं एकाच वेळी हातातल्या फोनवर व्हिडिओ पाहतात. मधल्या काळात निसर्गाने लहरींचा साठा वाढवून दिलेला नाही. मोबाइलला उपयोगी पडणारा पट्टा रुंदावला हे खरं, पण लाखोपट नव्हे. बदललं ते वाटप. ते वाटप आज इतकं बारीक झालं आहे, की तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत जवळच्या टॉवरने काही हजार वेळा ठरवलेलं असतं, की पुढचा क्षण कोणाला द्यायचा.

रेडिओलहर वापरल्याने संपत नाही, ती अडते. एका वारंवारतेवर कोणी बोलत असेल, तर त्याचा सिग्नल जिथवर पोचतो तिथवर त्याच वारंवारतेवर दुसऱ्याला बोलता येत नाही. बोललाच तर दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. न्यूयॉर्कची अडचण हीच होती. उंच जागी एकच जबर शक्तीचा प्रक्षेपक, त्याचा सिग्नल शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘घरी यायला उशीर होईल’ एवढा एका माणसाचा निरोप जाईपर्यंत ती वाहिनी सबंध महानगरात अडकून पडायची.

यावरचा उपाय तेव्हा कागदावर येऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती. डिसेंबर 1947 मध्ये बेल प्रयोगशाळेतले अभियंते डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. (त्याच प्रयोगशाळेत, त्याच महिन्यात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. जगाने ट्रान्झिस्टर लक्षात ठेवला आणि टिपण विसरलं. माझ्या मते दोन्ही एकाच तोलामोलाची आहेत.) टिपणातली कल्पना अशी: एक मोठा प्रक्षेपक काढून टाका, त्याऐवजी शहरभर कमी शक्तीचे अनेक प्रक्षेपक बसवा. प्रत्येकाने आपल्यापुरता छोटा षट्कोनी इलाखा सांभाळायचा. शेजारशेजारच्या षट्कोनांना वेगळ्या वारंवारता द्यायच्या. पण दोन-तीन षट्कोन ओलांडले की मघाचीच वारंवारता पुन्हा वापरायची, कारण तिथवर पहिल्याचा सिग्नल क्षीण झालेला असतो. मागणी वाढली तर षट्कोन आणखी लहान करायचे. त्रिज्या निम्मी केली की तेवढ्याच जागेत चौपट षट्कोन मावतात, म्हणजे त्याच लहरींवर चौपट संभाषणं.

कल्पना साधी वाटते, पण चालत्या गाडीतलं संभाषण न तुटता एका षट्कोनातून दुसऱ्यात सोपवायचं, तर त्यासाठी संगणक लागतात आणि सरकारकडून पुरेसा पट्टाही लागतो. दोन्ही जुळून यायला वेळ गेला. 1979 मध्ये टोकियोत आणि 1983 मध्ये शिकागोत अशी सेवा ग्राहकांसाठी सुरू झाली. 1973 साली हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला फोन करणारे मार्टिन कूपर यांनी पुढे एक हिशेब मांडला. पंचेचाळीस वर्षांत लहरींच्या वापराची क्षमता दहा लाखपट वाढली असेल, तर त्यातली साधारण 25 पट अधिक पट्टा मिळाल्यामुळे, 5 पट पट्ट्याचे बारीक तुकडे केल्यामुळे, आणखी 5 पट सिग्नल घडवण्याच्या सुधारलेल्या रीतींमुळे; आणि उरलेली 1600 पट निव्वळ षट्कोन लहान केल्यामुळे. गल्लोगल्ली, गच्च्यांवर टॉवर दिसतात ते याच 1600 च्या पायी.

सगळा पट्टा मोबाइलला मिळत नाही, मिळूही नये. विमानं, जहाजं, पोलीस, लष्कर, उपग्रह, हवामान खातं, खगोलशास्त्रज्ञ असे अनेक हक्कदार आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिची जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओगोंगाट तिथे कमी आहे, हा मोठा निकष होता. हायड्रोजनच्या अणूकडून येणारी 1420 मेगाहर्ट्झची अतिशय मंद लहर ऐकता यावी म्हणून 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रिकामा ठेवलेला आहे. तिथे कोणीही प्रक्षेपण करायचं नाही. काही भाग कोणालाच न देणं हासुद्धा वाटपाचाच निर्णय असतो आणि तो मला फार समंजस वाटतो.

आता एका टॉवरच्या इलाख्यात शिरू. टॉवरपाशी वाटायला नेमकं काय असतं? वारंवारतेचा पट्टा, वेळ, प्रक्षेपणाची शक्ती, आणि अँटेना अनेक असतील तर दिशा. यातलं काय दिलं की काय मिळतं, याचा हिशेब 1948 साली क्लॉड शॅनन यांनी मांडला. पट्टा दुप्पट केला आणि सिग्नलची गुणवत्ता तीच राखली, तर माहितीचा वेगही दुप्पट होतो. शक्तीचं मात्र तसं नाही. सिग्नल गोंगाटाएवढाच असेल, तर पट्ट्याच्या दर हर्ट्झमागे सेकंदाला 1 बिट पाठवता येतो. 2 बिट हवे असतील तर सिग्नल गोंगाटाच्या 3 पट लागतो, 3 बिटांसाठी 7 पट, 4 बिटांसाठी 15 पट, आणि 10 बिट हवे असतील तर 1023 पट. शक्ती ओतत राहिलं तर पुढच्या प्रत्येक बिटाची किंमत साधारण दुपटीने वाढत जाते. 2022 साली भारतात 5जीच्या लिलावात कंपन्यांनी पट्ट्यासाठी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली का लावल्या, याचं एक कारण या सूत्रात आहे.

शक्तीची आणखी एक अडचण म्हणजे एकाचा सिग्नल हा दुसऱ्यासाठी गोंगाट असतो. प्रत्येक फोन मोठ्याने बोलू लागला तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. सगळे फोन एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलत, त्या सीडीएमए पद्धतीत हा प्रश्न जिवावरचा होता: टॉवरजवळचा फोन दूरच्या फोनला बुडवून टाकायचा. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा सांगायचा, शक्ती थोडी वाढव, थोडी कमी कर. 1993 मध्ये फॉस्किनी आणि मिल्यानिच या दोघांनी दाखवलं, की यासाठी सगळ्यांची माहिती असलेला कोणी मध्यवर्ती मुनीम लागतच नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या सिग्नलचं गोंगाटाशी गुणोत्तर पाहावं आणि ठरलेल्या पातळीपेक्षा जितकं कमी-जास्त असेल तितकी आपली शक्ती बदलावी. सगळ्यांचं समाधान होईल अशी शक्तींची मांडणी मुळात शक्य असेल, तर हे सगळे फोन आपापलं पाहत पाहत तिथेच येऊन पोचतात, आणि तेही प्रत्येकाच्या कमीत कमी शक्तीत. वाटपाच्या गणितात इतकं निर्मळ उत्तर क्वचितच सापडतं.

4जीमध्ये पद्धत बदलली. टॉवरचा पट्टा उभा कापायचा आणि वेळ आडवी कापायची. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे 180 किलोहर्ट्झचे 100 तुकडे पडतात (उरलेला थोडा भाग दोन्ही कडांना मोकळा राहतो), आणि वेळेचे तुकडे एक-एक मिलिसेकंदाचे. म्हणजे दर मिलिसेकंदाला शंभर चौकटी, सेकंदाला एक लाख. प्रत्येक चौकट एका फोनच्या नावे करायची. हे काम टॉवरमधला जो प्रोग्रॅम करतो त्याला शेड्युलर म्हणतात. फोनही गप्प बसलेले नसतात. प्रत्येक जण ठरावीक वेळाने टॉवरला 0 ते 15 मधला एक आकडा कळवत राहतो: माझ्याकडे सिग्नल आत्ता इतका चांगला येतो आहे.

शंभर चौकटी वीस फोनांना किती प्रकारे वाटता येतील? एकावर 130 शून्यं इतक्या प्रकारे. सगळे प्रकार तपासून त्यातला उत्तम निवडायला विश्वाचं वय पुरणार नाही, आणि शेड्युलरच्या हातात आहे एक मिलिसेकंद. म्हणून तो प्रत्येक चौकटीपाशी एक सोपा नियम लावतो आणि पुढे सरकतो. हा सोपा नियम कोणता असावा, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं शेकडो शोधनिबंध लिहिले गेले आहेत. मला हा या सगळ्या शास्त्राचा गाभा वाटतो, कारण इथे अभियांत्रिकीचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न एकच होऊन बसतो.

दोनच ग्राहक घेऊ. एक ताई टॉवरसमोरच्या इमारतीत राहते. सगळा वेळ तिला दिला तर तिला 30 मेगाबिटचा वेग मिळतो. दुसरे काका इलाख्याच्या कडेला, टेकडीच्या आडोशाला राहतात. सगळा वेळ त्यांना दिला तरी त्यांना जेमतेम 3 मेगाबिट. टॉवरमधून जास्तीत जास्त माहिती जावी, हा एकच हेतू धरला तर उत्तर सरळ आहे: सगळा वेळ ताईला. एकूण 30, काकांना शून्य. कार्यक्षमता पुरेपूर आणि पंक्तिप्रपंचही पुरेपूर.

मग दोघांना सारखा वेग देऊ. त्यासाठी ताईला अकरातला एक भाग वेळ आणि काकांना दहा भाग द्यावे लागतात. दोघांनाही सुमारे 2.7 मेगाबिट मिळतात, एकूण साडेपाचच्या आत. समता आली, पण टॉवरची चार पंचमांशाहून जास्त ताकद वाया गेली. हे उदाहरण पुस्तकी वाटेल, पण जुन्या वाय-फायमध्ये अगदी असंच घडत होतं. 2003 मध्ये मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं. त्या वाय-फायमध्ये वाटप करणारा कोणी नसतो. पाळीपाळीने प्रत्येक जण माहितीचं एकेक पाकीट पाठवतो, आणि पाकिटांची संख्या सर्वांना सारखी येते. पण 1 मेगाबिटच्या वेगाने पाठवणारा कोपऱ्यातला लॅपटॉप तेवढंच पाकीट पाठवायला 11 मेगाबिटवाल्याच्या अकरापट वेळ घेतो. परिणाम असा, की खोलीत एक जरी दूरचा लॅपटॉप असला, तरी राउटरला खेटून बसलेल्याचाही वेग 1 मेगाबिटच्या खाली येतो. घरातल्या कोणीतरी मागच्या बाल्कनीत जाऊन फोन उघडला की सगळ्यांचं नेट का अडखळायचं, त्याचं एक उत्तर हे.

तिसरा मार्ग म्हणजे वेग नव्हे, वेळ सारखा द्यायचा. अर्धा वेळ ताईला, अर्धा काकांना. ताईला 15, काकांना 1.5. दोघांचे आकडे समान नाहीत, पण प्रत्येकाला आपल्या परिस्थितीत जे मिळू शकलं असतं त्याचा बरोबर निम्मा भाग मिळाला. या वाटपात एक गणिती गुण आहे. दोघांच्या वेगांचा गुणाकार करून पाहा. सगळं ताईला दिलं तेव्हा तो शून्य होता. सारख्या वेगात साडेसातच्या आत. इथे 15 गुणिले 1.5, म्हणजे 22.5, आणि वेळेची दुसरी कोणतीही विभागणी घेतली तरी गुणाकार याच्या वर जात नाही. 1950 साली जॉन नॅश यांनी दोन पक्षांतल्या न्याय्य तडजोडीचे काही साधे निकष मांडले आणि सिद्ध केलं, की ते सगळे पाळणारी तडजोड एकच, गुणाकार सर्वांत मोठा करणारी. 1997 च्या सुमारास केंब्रिजचे फ्रँक केली इंटरनेटच्या तारांमधली गर्दी कशी आवरावी याचा विचार करत वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. त्यांनी या कल्पनेला नाव दिलं प्रमाणबद्ध न्याय. त्यांची कसोटी अशी: या वाटपावरून दुसऱ्या कोणत्याही वाटपाकडे गेलात, तर लोकांच्या नफ्या-तोट्याच्या टक्क्यांची बेरीज शून्याच्या वर जाणार नाही. गुणाकाराची खुबी अशी की कोणाच्याही वाट्याला शून्य आलं तर सगळंच शून्य होतं. म्हणून कडेच्या माणसाला पूर्ण विसरणं या न्यायात शक्यच नसतं.

इथवर सिग्नल स्थिर आहे असं धरलं. प्रत्यक्षात तो सतत हेलकावतो. टॉवरकडून निघालेली लहर सरळ येते तशी भिंतींवरून, बसवरून, पाण्याच्या टाकीवरून उसळूनही येते. हे सगळे प्रवाह कुठे एकमेकांत मिळून जोरदार होतात, तर कुठे एकमेकांना पुसून टाकतात. 1800 मेगाहर्ट्झची लहर सुमारे सतरा सेंटिमीटर लांब असते. फोन तिच्या निम्म्याएवढा, म्हणजे आठेक सेंटिमीटर सरकला, की सिग्नल चांगल्याचा वाईट किंवा वाईटाचा चांगला झालेला असू शकतो. अभियंते याला फेडिंग म्हणतात. अनेक दशकं हा त्यांचा शत्रू होता. जास्तीची शक्ती, जास्तीच्या अँटेना, चुका दुरुस्त करणारे संकेत, हे सगळं त्याला दाबण्यासाठी.

1995 मध्ये रेमंड नॉप आणि पिएर उम्ब्ले यांनी एका निबंधात हा विचार उलटा केला. फोन अनेक असतील तर प्रत्येकाचा हेलकावा वेगवेगळ्या वेळी शिखरावर येतो. मग प्रत्येक क्षणी जो शिखरावर आहे त्याच्याशीच बोलावं. गर्दी जितकी जास्त, तितकं त्या क्षणी कोणीतरी फार चांगल्या स्थितीत असण्याची शक्यता जास्त. हेलकावे नसते तर मिळाला असता त्याहून अधिक वेग हेलकाव्यांमुळे मिळतो.

अडचण एवढीच, की हा नियम जसाच्या तसा लावला तर पुन्हा सगळं ताईलाच जाणार. तिची दरीसुद्धा काकांच्या शिखरापेक्षा उंच आहे. याची सोडवणूक क्वालकॉम कंपनीच्या डेटासेवेसाठी काम करताना बर्कलीचे प्राध्यापक डेव्हिड त्से यांनी केली. नियम एका ओळीचा आहे: प्रत्येक फोनला आत्ता किती वेग मिळू शकतो, त्याला अलीकडे सरासरी किती मिळाला याने भागा, भागाकार ज्याचा सर्वांत मोठा, पुढची पाळी त्याची. ताईची तुलना काकांशी होत नाही, तिच्या स्वतःच्या सरासरीशी होते. काकांचीही तशीच. जो स्वतःच्या मानाने शिखरावर, त्याचा नंबर. आणि एखाद्याला बराच वेळ पाळी मिळाली नाही तर त्याची सरासरी आपोआप खाली येते, भागाकार मोठा होतो आणि त्याचा नंबर लागतो. धीर धरणाऱ्याची दखल घेणारं वेगळं कलम लिहावंच लागत नाही.

आकड्यांत पाहू. समजा ताईचा वेग निम्मा वेळ 40 आणि निम्मा वेळ 20 असतो, काकांचा निम्मा वेळ 4 आणि निम्मा वेळ 2, आणि दोघांच्या हेलकाव्यांचा एकमेकांशी संबंध नाही. डोळे मिटून अर्धा-अर्धा वेळ दिला तर पूर्वीसारखे 15 आणि 1.5. त्से यांच्या नियमाने एकाचं शिखर आणि दुसऱ्याची दरी असेल तेव्हा शिखरावरच्याला पाळी, आणि दोघे सारख्या स्थितीत असतील तेव्हा निम्मी-निम्मी. हिशेब केला तर ताईला 17.5 मिळतात आणि काकांना 1.75. वेळ दोघांनाही अजून अर्धाच आहे. कोणाच्या वाट्यातलं काहीही न काढता दोघांच्या पदरात एक षष्ठांश जास्त पडलं, आणि ते आलं केवळ वेळ साधल्यामुळे. दोनाऐवजी वीस माणसं असती तर फायदा आणखी वाढला असता. हे गणित पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. कार्यक्षमता आणि न्याय यांतलं एकच निवडावं लागतं, असं आपण गृहीत धरून चालतो. इथे दोन्ही एकाच भागाकारातून निघतात.

त्से, प्रमोद विश्वनाथ आणि राजीव लारोया यांनी 2002 मध्ये याच्याही पुढचं पाऊल टाकलं. जिथे माणसं एका जागी बसलेली असतात आणि सिग्नल फारसा हेलकावत नाही, तिथे टॉवरवर दोन अँटेना लावून मुद्दाम हेलकावे निर्माण करायचे, म्हणजे शिखरं साधता येतील. ज्याला दाबण्यात आधीच्या पिढीचं आयुष्य गेलं, तेच नव्या पिढीने हाताने घडवायला घेतलं.

पण वेळ साधायची तर शिखराची बातमी ताजी हवी. पायी चालणारा माणूस सेकंदाला मीटरभर सरकतो. त्याचा सिग्नल बदलायला ऐंशी मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात फोन आपली स्थिती अनेकदा कळवू शकतो. ताशी 90 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत तेच आठ सेंटिमीटर तीन-साडेतीन मिलिसेकंदांत मागे पडतात. फोनने कळवलेलं शिखर टॉवरला समजेपर्यंत दरी आलेली असते. अशा फोनसाठी शेड्युलर शिखरं शोधण्याचा नाद सोडतो आणि सरासरीवर भागवतो. आवाजाच्या संभाषणाचंही वेगळं आहे. बोलण्यातला शब्द शंभर मिलिसेकंदांच्या आत टॉवर ते फोन हा टप्पा ओलांडायला हवा; शिखराची वाट पाहत बसलं तर संभाषण तुटक होतं. म्हणून फोन कॉलसाठी किमान वेग राखून ठेवलेला असतो आणि व्हिडिओ, डाउनलोड वगैरे मंडळी उरलेल्यात वाटणी करतात.

राहिली दिशा. 1935 साली पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेला गेलेले थॉमस कैलथ पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. भारतीय नौदलातून तिथे आलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनी त्यांच्यासोबत 1992 मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की दोन्ही बाजूंना अनेक अँटेना असतील, तर एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी, माहितीचे अनेक वेगळे प्रवाह पाठवता येतात. उसळून येणाऱ्या लहरींमुळेच ते प्रवाह एकमेकांपासून ओळखता येतात. मायमो नावाने हे तंत्र आज जवळजवळ प्रत्येक 4जी फोनमध्ये आहे. 2010 मध्ये बेल प्रयोगशाळेच्या थॉमस मार्झेटा यांनी टॉवरवर अँटेनांची संख्या खूपच वाढवण्याचं गणित मांडलं. 5जीच्या टॉवरवर दिसणाऱ्या चपट्या पेट्यांत अशा कित्येक अँटेना दाटीने बसवलेल्या असतात. त्यामुळे एकच चौकट एकाच वेळी अनेकांना देता येते, फक्त त्या सगळ्यांच्या दिशा पुरेशा वेगळ्या हव्यात. म्हणजे आता चौकट कोणाला द्यायची एवढंच नाही, तर कोणाकोणाची जोडी लावायची हेही शेड्युलरने ठरवायचं, आणि 5जीच्या नेहमीच्या मांडणीत तेही अर्ध्या मिलिसेकंदात. मात्र इतक्या अँटेना एकत्र आल्या की हेलकावे आपसात मिटून सिग्नल बराच स्थिर होतो. शिखर साधण्याच्या युक्तीचा फायदा इथे खूपच कमी उरतो. प्रमाणबद्ध वाटपाचा नियम टिकला आहे, पण तो आता मुख्यतः न्यायासाठी.

आणि त्या न्यायाचं प्रमाण कोण ठरवतं, याबद्दल फारसं बोललं जात नाही. फोन आणि टॉवर यांनी एकमेकांशी कसं बोलावं हे आंतरराष्ट्रीय मानकांत हजारो पानांत लिहिलेलं आहे. शेड्युलरने कोणता नियम वापरावा हे त्यात नाही. ते टॉवरची यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीवर सोडलं आहे आणि ती आपला नियम उघड करत नाही. 2000 साली जिओन्हून मो आणि जीन वॉलरँड यांनी दाखवलं, की वर सांगितलेले न्यायाचे प्रकार म्हणजे एकाच सूत्रातल्या एका आकड्याच्या निरनिराळ्या किमती आहेत. आकडा शून्य ठेवला तर सगळं टॉवरजवळच्याला. एक ठेवला तर प्रमाणबद्ध न्याय. वाढवत नेला तर सारख्या वेगाकडे. टेकडीआडच्या वस्तीला किती मिळणार, हे बऱ्याच अंशी या एका बटणावर अवलंबून असतं.

धुळे-नाशिककडे पांझरेच्या, मोसमच्या काठावर पाणी वाटून घेण्याची फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडलेले, आणि शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी असेल त्या साली एखाद्या फडाला पाणी द्यायचं नाही असं ठरतं, आणि त्याची झळ सगळ्यांना सारखी बसते. रेडिओलहरी आणि पाणी यांत एक फरक मोठा आहे: पाणी बंधाऱ्यात साठतं, न वापरलेला मिलिसेकंद मात्र कायमचा जातो, त्यामुळे चौकट रिकामी ठेवण्यात कोणाचंच भलं नाही. पण फडाचा नियम गावाला माहीत असतो, पाळी चुकली तर जाब विचारता येतो. टॉवरच्या इलाख्यात राहणाऱ्यांना नियम आहे हेसुद्धा माहीत नसतं. फेब्रुवारी 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हापासून आपण पट्टा कंपन्यांना कसा द्यावा यावर भरपूर भांडलो, 2012 मध्ये न्यायालयाने 122 परवाने रद्दही केले. कंपनीकडून तो पट्टा माणसांपर्यंत कसा पोचावा, यावर मात्र चर्चा झालेली दिसत नाही.

मोजायचं साधन तयार आहे. इलाख्यातल्या फोनांना वेगाच्या क्रमाने लावलं, तर शेवटून पाच टक्क्यांवर उभ्या असलेल्याला किती वेग मिळतो, हा आकडा जगभरचे अभियंते वापरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 5जीसाठी घातलेल्या अटींत सरासरीबरोबर हा आकडाही आहे, आणि ग्रामीण भागासाठी तो वेगळा दिलेला आहे. जाहिरातीत मात्र सरासरी किंवा सर्वोच्च वेगच येतो. हा शेवटून पाच टक्क्यांवरचा वेग तालुकावार प्रसिद्ध करणं कंपन्यांना बंधनकारक असावं असं मला ठामपणे वाटतं. दुसरीकडे, 2018 पासून काही दूरसंचार कंपन्या टॉवरच्या यंत्रणेचे भाग सुटे आणि खुले करण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्या ओ-रॅन रचनेत मिलिसेकंदाचे निर्णय टॉवरपाशीच राहतात, पण त्या निर्णयांना दिशा देणारं धोरण वेगळ्या थरात लिहिता येतं: अमुक प्रकारच्या ग्राहकाला किमान इतकं, रुग्णवाहिकेला आधी, गर्दीच्या वेळी व्हिडिओला मागे. कडेच्या ग्राहकाला किमान किती, ही ओळही तिथे घालता येते. सध्या ती घालायची की नाही, हे कंपनी ठरवते.